मालकांचं भ्या

फोन वाजला की आमचे मालक खुर्चीतून उठून दाराशी जाऊन उभे राहायचे. फोन त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच हाताशी, पण उचलायचा मी. मी 'हॅलो' म्हणेपर्यंत त्यांचा उजवा हात शर्टाच्या आत, गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर गेलेला असायचा आणि डोळे माझ्या तोंडावर खिळलेले. पलीकडचं माणूस काय बोलतंय ते त्यांना ऐकायचं नसे. ते माझा चेहरा वाचत. मी तेव्हा विशीतली, अंगात खोड्या भरलेल्या. कोळसेवाला नुसतं 'ट्रक निघाला' एवढंच सांगत असला तरी मी कपाळाला आठ्या घालायची आणि 'अरे बापरे' म्हणायची. मालक पांढरेफटक.

"काय म्हंत्यात, अक्का? सांगा की! दिल्लीचं काय हाय काय?"

कोळसेवाल्याकडे दिल्लीचं काय असणार? पण मालकांच्या लेखी सगळी संकटं दिल्लीत जन्माला येत, पुणे-बंगळूर रस्ता धरत आणि वाटेत कुठंही चहाला न थांबता थेट उद्यमनगरातल्या आमच्या शेडीत उतरत.

आमची फौंड्री होती. लोखंडाचा रस करायचा, तो वाळूच्या साच्यांत ओतायचा आणि मोटारीच्या चाकात बसणारे ब्रेकचे ड्रम काढायचे. ते ड्रम पुण्याकडच्या एका मोटार कंपनीला जात. नव्वदीचं दशक होतं. देशाचा स्वतःचा मोटार धंदा उभा राहावा म्हणून सरकारने त्याला आडोसा धरला होता. बाहेरून येणाऱ्या मोटारींवर आणि सुट्या भागांवर जबर कर होता, आणि इथं मोटार बनवायची तर तिचे बरेचसे भाग इथलेच वापरले पाहिजेत असा नियम होता. त्या नियमामुळे कंपनीला आमचे ड्रम घ्यावे लागत, आणि त्या ड्रमांवर तीसेक घरं जेवत. त्यातलं एक माझं. वडील गेल्यावर आई आणि दोन भावांचं माझ्याच पगारावर चालायचं. तरी मी गडमुडशिंगीहून सायकल हाणत, गाणं गुणगुणत कामावर यायची. मला कसली म्हणून धास्ती नव्हती.

धास्ती घ्यायचं खातं मालकांकडे होतं. ते म्हणायचे, "छत्रीच्या काठाखाली हुबं ऱ्हायलोय मी. मधी हायेत ती मोठी मान्सं. छत्री जरा हालली की पयला मी भिजनार."

आम्ही हसायचो. छत्री सरकारची, ती कशाला हालतेय?

अर्थसंकल्पाच्या दिवशी मालकांचा कडकडीत उपास असायचा. महाशिवरात्रीला ते दोन केळी तरी खात, या दिवशी पाणीसुद्धा बेताने. टेबलावर रेडिओ, समोर मालक, शेजारी मी. भाषण इंग्रजीत, आणि मालकांचं इंग्रजी 'ड्रम' आणि 'पेमेंट' या दोन शब्दांत संपायचं. मंत्री शेतीबद्दल बोलो की संरक्षणाबद्दल, मालक दर मिनिटाला विचारायचे, "आपलं काडलं काय?" मी म्हणायची, अजून नाही. "म्हंजे काडनार हाय!" आपल्या धंद्यावर काही आलेलं नाही हे संध्याकाळच्या मराठी बातम्यांत कळलं की ते महाद्वार रोडवरून पेढे आणायला लावायचे. सगळ्या कामगारांना स्वतःच्या हाताने वाटायचे आणि म्हणायचे, "एक वरीस निभावलं." कामगार या दिवसाला मालकांची दुसरी शिवरात्र म्हणत.

ते निपाणीकडचे. घरात कानडी, बाजारात मराठी. साधी भीती वाटली तर मराठीत बोलत, खरी वाटली तर कानडीत. त्यामुळे "येन माडोदु, येन माडोदु" असं केबिनमधून ऐकू आलं की आमचे मिस्त्री बाहेरूनच ओरडायचे, "काय करायचं म्हंजे? च्या प्यायचा!" मिस्त्री साचे घालणाऱ्यांचे मुकादम, मालकांच्याच वयाचे, आणि मालकांना उलट बोलायचा हक्क फक्त त्यांना.

पण एका गोष्टीत मिस्त्रींचंही मालकांपुढे चालत नसे. भट्टी आठवड्यातून दोनदा लागायची. नारळ फुटायचा, रस धरायची पहिली पळी पुढे आली की सगळी शेड मुकी व्हायची. त्या उजेडात मालकांचं तोंड मी कधी नीट पाहिलं नाही, त्या रसाकडे पाहून माझे डोळेच दिपायचे. ड्रम निवले, साफ झाले, तपासून रांगेत लागले की मालक छोटी हातोडी घेऊन यायचे. एकेक ड्रम उचलून धरायचा, टोला द्यायचा, कान लावायचा. धड ड्रम घंटेसारखा वाजतो, तडा असेल तर बद्द वाजतो. मिस्त्री म्हणायचे, "मालक, सगळं बघून झालंय."

"तुमचं बघून झालंय. माझं भ्या ऱ्हायलंय."

त्यांना एकच चित्र सारखं दिसायचं. मलकापूरच्या पुढं आंबा घाटात एक मोटार उतरतेय, मागं पोरंबाळं झोपलीत, बाप ब्रेक दाबतोय, आणि ड्रम आपला. हे ते इतक्या बारकाईने सांगायचे की घाटातल्या त्या न घडलेल्या अपघातातल्या पोरीच्या फ्रॉकचा रंगसुद्धा आम्हाला पाठ झाला होता. पिवळा. आमच्या प्रत्येक ड्रमवर ओततानाच एक बारीक नंदी उमटवलेला असायचा. लोकांना ती मालकांची हौस वाटायची. मालक म्हणायचे, "फुटला तर कुनाचा त्ये कळाय पायजे. पळून जायला वाट ठेवायची न्हाय."

मलकापुरातच एका लग्नाला आम्ही कारखान्यातले सगळे गेलो होतो, मिस्त्रींच्या पुतणीचं लग्न. नवरदेव नव्याकोऱ्या परदेशी बनावटीच्या मोटारीतून आला. असली मोटार आम्ही कुणी जवळून बघितली नव्हती. पोरं काचेत तोंडं बघत होती. आणि आमचे मालक, पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, सरळ चाकापाशी बसले आणि चाकाच्या भोकांतून आत बोटं घालून चाचपडायला लागले. नंदी शोधत होते. तो सापडेना तेव्हा मोटारीच्या दुसऱ्या अंगाला गेले, तिकडच्या चाकात बोटं घातली. वाजंत्री थांबली. नवरदेवाचे वडील धावत आले.

"पावणं, काय पडलं काय तुमचं?"

"न्हाय वो. काय ऱ्हायलंय का बगतोय."

मग ते तिथंच रस्त्यावर मांडी घालून बसले. धोतराला वंगण, कपाळाला घाम. "अय्यो शिवा," एवढंच म्हणाले. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला झटका आला. कुणी कांदा आणला, कुणी पाणी. मी वाकून विचारलं तेव्हा माझ्या कानात म्हणाले, "अक्का, छत्रीला भोक पडलंय." जेवले नाहीत. परतीच्या बसमध्ये आम्ही त्या प्रसंगावर पोट धरून हसलो, आणि ते खिडकीशी बसून समोरून येणाऱ्या प्रत्येक मोटारीची चाकं बघत राहिले.

पुढं काही महिन्यांतच कंपनीचा निरोप आला. कोळशाच्या भट्टीतलं लोखंड रोज वेगळं निघतं, ते आता चालणार नाही. विजेची भट्टी बसवा, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. आमची अख्खी शेड विकली तरी विजेची भट्टी आली नसती. पण त्याच सुमारास सरकारची एक योजना निघाली. देशाच्या मोटार धंद्याला भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांनी जुनी यंत्रं काढून नवी घ्यावीत, मोठा वाटा सरकार उचलेल. अट एकच होती, कारखाना खरोखर छोटा आणि गरजू हवा. अर्ज मीच टाइप केला. अट मालकांना मराठीत नीट समजावूनही सांगितली.

त्यांनी हात उडवला. "लिवायला तसं लिवत्यात, अक्का. तुमी अजून ल्हान हाय. मी ब्यांकंत बगितलंय की. ज्येच्याकडं हाय त्येलाच देत्यात. रिकामी शेड बगून कोन दील? म्हंतील, ह्यो बुडवनार."

आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की शेजारून खुर्च्या येतात, कपबशा येतात, वेळ पडली तर दारात बांधायला म्हैससुद्धा येते. यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. उद्यमनगराचा रिवाजही तोच. वजन उचलायचा चेनब्लॉक, साचे, माणूस, जे कमी पडेल ते शेजारच्या शेडीतून उसनं आणायचं, आणि आपल्याकडचं तसंच द्यायचं. मालकांचं एक वाक्यच होतं, "उसनं आनल्यालं परत जाईस्तवर आपलंच."

तपासणीचे साहेब यायच्या आदल्या दिवशी मालकांनी शेड सजवली. मागच्या गल्लीतल्या शेजाऱ्याचा लोखंड कातायचा मोठा हिरवा लेथ लोखंडी नळ्यांवरून ढकलत ढकलत आणला. त्याच्यावर जोतिबाचा फोटो होता, तोही गुलालासकट आला. दुसऱ्याकडून ड्रिलिंग मशीन आलं, तिसऱ्याकडून दहा-बारा कामगार, धुतलेल्या निळ्या कपड्यांत. खुर्च्या कुणाच्या तरी लग्नाच्या हॉलमधून. मी म्हटलं, "मालक, हे जास्त होतंय." मिस्त्रीही म्हणाले. पण मालकांच्या डोळ्यांत असं काही होतं की आम्ही पुढं बोललो नाही. भीतीने ते तापाने फणफणल्यासारखे झाले होते.

साहेब शांत माणूस. सगळं फिरून पाहिलं. हिरव्या लेथपाशी जरा जास्त थांबले. लेथचा खरा धनी फाटकाशी उभा होता, आपल्या लेथचं कौतुक होतंय म्हणून छाती फुगवून.

"हे सगळं तुमचंच?" साहेबांनी विचारलं.

"आमचंच की."

"मग तुम्हाला मदत कशासाठी हवी आहे?"

मालकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे. मग हात जोडून म्हणाले, "आशीर्वाद असावा म्हनून."

निघताना साहेब केबिनच्या दारात थबकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "मी पुन्हा एकदा विचारतो. जे पाहिलं ते सगळं तुमचंच ना?" आता तिथं मालक, साहेब आणि मी, तिघंच होतो. मालकांचा हात शर्टाच्या आत गेला. डबी बटणावर आपटून बारीक वाजत होती. मला वाटलं, आता सांगतील. माझ्या मनात मी शंभरदा म्हटलं, सांगा, सांगा. पण सरकारशी खोटं बोललो हे कबूल केलं तर आहे तो नियमही आपल्यापुरता काढून घेतील, शेजाऱ्यांनाही गोवतील, असलं काहीतरी त्यांच्या डोक्यात फिरत असणार.

"व्हय, सायेब," ते म्हणाले.

काही आठवड्यांनी फोन वाजला. मालक सवयीने दाराशी. पलीकडे साहेबच होते. आमचा अर्ज नामंजूर झाला होता. कारखाना सुसज्ज आहे, मदतीची गरज दिसत नाही. माझ्या कपाळाला आठी पडली, आणि त्या दिवशी ती खरी होती. मालकांनी ती ओळखली.

"त्यास्नी सांगा, उसनं हुतं म्हनून सांगा!" ते दारातून ओरडले.

मी सांगितलं. साहेब म्हणाले, "मला ठाऊक आहे, ताई. त्या हिरव्या लेथला आणि जोतिबाला मी तुमच्या उद्यमनगरात तीन कारखान्यांत नमस्कार केला. म्हणून तर दोनदा विचारलं. पण मालक स्वतः हो म्हणाले, मी काय लिहिणार? आता कागद वर गेला. पुढच्या वर्षी अर्ज करा, आणि शेड आहे तशी दाखवा."

मालक दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. कानडीत काहीतरी पुटपुटत होते. मिस्त्रींनी येऊन त्यांना उठवलं, चहा पाजला. त्यांच्या भीतीवर आम्ही इतकी वर्षं हसलो, त्या दिवशी कुणी हसलं नाही. तरी पुढचं वर्ष आहे की, असं मी आईला घरी जाऊन सांगितलं, आणि जेवून झोपले. मला झोप लागली.

कंपनी नियमापोटी कुरकुरत ड्रम घेत राहिली, आणि पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा अर्ज केला. पण तोवर नवं शतक उजाडलं होतं आणि इथलेच भाग वापरले पाहिजेत हा नियम उठणार अशी बातमी पेपरात रोज येत होती. मालकांनी पेपर बंद केला. पेपर बंद केल्याने काय होतंय? अर्जाचं उत्तर यायच्या आत नियम उठायचा तो उठलाच.

कंपनीचा फोन आला तो दिवस भट्टीचा होता. बाहेर रस धरायची तयारी चाललेली. फोन वाजला, मी हात पुढे केला, आणि मालक म्हणाले, "थांबा अक्का. मी घेतो."

इतक्या वर्षांत त्यांना फोन उचलताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो उलटाच कानाला लावला, मग सरळ केला. मी कधी उठले आणि दाराशी जाऊन कधी उभी राहिले मला कळलं नाही. मी त्यांचा चेहरा वाचत होते. त्यावर काहीच नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "व्हय. न्हाय न्हाय, तुमची काय चूक त्यात? बरं. नमस्कार."

फोन ठेवून ते बाहेर गेले. "मिस्त्री, आजची भट्टी नीट काडा. फुडची लावायची न्हाय."

त्यांचा हात शर्टात गेला नाही. कपाळाला घाम नव्हता. 'येन माडोदु' म्हणाले नाहीत. आणि तेव्हा मी घाबरले, आयुष्यात पहिल्यांदा खरी घाबरले. मिस्त्रींच्या हातातली पहार खाली पडली. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मला धाकट्या भावाची फी आठवली, घराचं छप्पर आठवलं. जत्रेत एकाच्या अंगातलं वारं उतरतं आणि भोवतीच्या सगळ्यांच्या अंगात शिरतं, तसं झालं होतं. इतकी वर्षं तीस घरांच्या वाटणीचं एकटा माणूस भीत होता, म्हणून आम्ही गाणी म्हणत कामाला येत होतो. हे त्या घटकेला समजलं, आणि समजून काही उपयोग नव्हता.

त्या दिवशीचे ड्रमही त्यांनी एकेक करून वाजवून पाहिले. घेणारं कुणी नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवसापासून ते आम्हाला घेऊन निघाले. उद्यमनगरातल्या शेडी, शिरोलीच्या फौंड्र्या, सगळीकडे पायी. पुढं मालक, मागं आम्ही, ओळीने. प्रत्येक कारखान्याच्या दारात उभे राहून म्हणायचे, "मानूस उसना द्यायला आलोय." समोरचा विचारायचा, किती दिवस? मालक म्हणायचे, "ठेवा. परत मागनार न्हाय." कुणी दोन घेतले, कुणी एक. हिरव्या लेथवाल्याने तर चार घेतले. नाही म्हणणाऱ्यांच्या दारात मालक दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभे राहत. मिस्त्री शिरोलीला लागले. मला एका पंपाच्या कारखान्याच्या ऑफिसात ठेवताना त्यांनी तिथल्या मालकाला बजावलं, "ह्यास्नी फोनवर बसवू नगा. उगंच भ्या घालत्यात." खोड्या त्यांना पहिल्यापासून कळत होत्या तर. तरी ते दर वेळी भ्यायचे.

शेड विकली गेली. पुढं माझं लग्न झालं, मुलगा झाला. मध्ये बरीच वर्षं मालक दिसले नाहीत. एकदा संध्याकाळी रंकाळ्यावर दिसले. भेळेच्या गाड्यांच्या पलीकडे एक चकचकीत मोटार उभी होती आणि तिच्या चाकाशी एक म्हातारा वाकून बसला होता, भोकांतून बोटं आत घालून. मी जवळ जाऊन हाक मारली.

"अक्का?" ते वळून म्हणाले. दाढी वाढलेली, अंग वाळलेलं. मी विचारलं, "नंदी आहे का?"

"न्हाय. भायेरचा हाय." मग बोटांना लागलेली काळी धूळ धोतराला पुसत म्हणाले, "पर ओतकाम चांगलं हाय. फुटायचा न्हाय."

माझा मुलगा चौदा वर्षांचा होता, बरोबर उभा. त्याला हे काय चाललंय कळेना. मी थट्टेनं विचारलं, "मालक, आता दिल्लीचं भ्या वाटत नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी अजून विशीतली आणि काहीतरी वेडगळ बोलले होते.

"आता कुनासाठी भ्यायचं?" ते म्हणाले.

ते पुन्हा भेटले नाहीत. मुलगा शिकला, आणि आता पुण्याकडच्याच एका मोटार कारखान्यात कंत्राटावर आहे. तिकडं काय काय उठतंय, काय बंद होतंय, ते पेपरात येतं आणि मी पेपर वाचत नाही. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो. फोन माझ्या हाताशीच असतो, पण उचलतात आमचे हे. मी दाराशी जाऊन उभी राहते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहते.